लाल पट्ट्याचं दूध

आमच्या गोठ्यातला एक नियम देवालासुद्धा मोडता येत नाही. गाईला औषध दिलं की आधी तिच्या मागच्या पायाला लाल पट्टा बांधायचा आणि मगच हात धुवायचे. पट्टा असलेल्या गाईची धार वेगळ्या बादलीत काढायची आणि ती बादली गोठ्यामागच्या गटारात ओतायची. पट्टा कधी सोडायचा ते सासूबाई ठरवणार, दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. एकदा दिराच्या हातून पट्टा बांधायचा राहिला. औषधाचं दूध मोठ्या टाकीत गेलं, टँकरवाल्यानं तपासलं आणि सगळीच्या सगळी टाकी ओतून द्यावी लागली. ही गोष्ट माझ्या लग्नाच्या आधीची, पण आमच्या घरात ती कालपरवाची असल्यासारखी निघते आणि दीर दर वेळी मान खाली घालून जेवतो.

लग्न होऊन मी इथं आले तेव्हा गाईचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं यापलीकडे मला काही कळत नव्हतं. आता सड पुसून यंत्र लावायचं काम माझं आहे. सासूबाईंनी शिकवलं, आणि चांगलं शिकवलं. एवढंच की शिकवताना गाईशी त्या जितक्या गोड बोलतात तितक्या माझ्याशी बोलत नाहीत. गाय लाथ मारायला लागली की "हळू, माझी बाय, हळू," आणि माझ्या हातून यंत्राची नळी निसटली की "डोळे कुठं ठेवलेस?" मी त्यांना आई म्हणते. त्या मला 'अगं' म्हणतात, आणि तेवढ्यावर आमचं बरं चाललं होतं.

मला सहावा महिना लागला आणि लघवीला जळजळ सुरू झाली. आधी वाटलं, पाणी कमी पडतंय. मग एक गाय पुसली की पळ, यंत्र लावलं की पळ. जाऊन बसावं तर थेंबभर, आणि तो थेंबही विस्तवासारखा. उठावं तर परत बसावंसं वाटायचं. एका जागी दोन मिनिटं बूड टेकेना. दीर म्हणाला, "वहिनी, तुम्ही बाथरूममध्येच खुर्ची टाका आणि गाई तिकडे बोलवा." त्याला तोंड आवरता येत नाही, हे त्याच्या आईलाही मान्य आहे.

शेवटी नवरा मला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर बाईंनी लघवी तपासली आणि म्हणाल्या, "जंतू आहेत. अँटिबायोटिक घ्यावं लागेल."

"मी गरोदर आहे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं. "मला दिसतंय," त्या म्हणाल्या. मग माझा चेहरा बघून जरा मऊ झाल्या. "हे बघ, काही अँटिबायोटिक्स या दिवसांत देत नाहीत, ती मीही देणार नाही. ही चालते, गरोदर बायकांना कित्येक वर्षं देताहेत. आधी कुठल्या औषधानं अंगावर काही उठलं होतं का? नाही ना? मग आठवडाभर घ्यायची, सकाळ-संध्याकाळ. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायची नाही, आणि कुणी सांगितलं म्हणून मनानं दुसरी घ्यायची नाही. काही वाटलं तर मला फोन कर."

माझ्या ओठांवर एक प्रश्न आला होता. पण बाहेर बायका ताटकळत होत्या, नवरा चिठ्ठी घेऊन उठला होता, आणि असे प्रश्न उभ्या उभ्या विचारायचे नसतात. तो प्रश्न मी तसाच घरी परत घेऊन आले.

गेल्या वर्षी माझं एक गेलं होतं. तिसऱ्या महिन्यात. घसा धरला होता, ताप होता, दुसऱ्या एका दवाखान्यातून गोळ्या आणल्या, घेतल्या, आणि आठवडा उलटायच्या आत सगळं संपलं. मी घरी आले तेव्हा सासूबाई ओट्यापाशी उभ्या होत्या, पाठ माझ्याकडे. "गोळीनं गेलं," त्या म्हणाल्या. बस, एवढंच. पुढे त्यांनी तो विषय कधी काढला नाही, टोमणा मारला नाही, जेवणात माझं ताट आधी वाढलं. पण ते दोन शब्द माझ्या कानात राहायलाच आले. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले होते.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नवऱ्यानं गोळ्यांचं पाकीट ठेवलं आणि डॉक्टर बाई काय म्हणाल्या ते सगळ्यांना सांगितलं. दीर पाकीट उलटंसुलटं करून बघत म्हणाला, "वहिनी, मग लाल पट्टा कुठल्या पायाला बांधायचा?"

नवरा हसला. मीही हसले, न हसून करते काय. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी वाकून टेबलाखाली माझ्या पायाकडे बघितलं. खरंच बघितलं, शपथेवर सांगते. मग त्या उठल्या आणि भांडी आवरायला लागल्या.

मी गोळी घेतली. दुसऱ्या दिवशीही घेतली. जळजळ कमी झाली, पळापळ थांबली. आता निवांत बसायला हरकत नव्हती, पण जीव बसू देईना. बसले की पोटावर हात जायचा. हालचाल झाली की वाटायचं, जास्तच हलतंय. झाली नाही की वाटायचं, गेलं. पलंगावर या कुशीवरून त्या कुशीवर होऊन माझ्या चादरीचा दोर झाला. नवरा म्हणायचा, "डॉक्टरांनी सांगितलंय ना, मग कशाला जिवाला घोर लावून घेतेस?" त्याचं बरं आहे. त्याच्या पोटात जेवण सोडून काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या धारेला एक पट्टेवाली गाय माझ्या वाट्याला आली. तिची बादली घेऊन मी गटारापाशी गेले आणि ओतायला लागले. चांगलं दाट दूध, वर फेस, कुठं काही बिघडलेलं दिसत नव्हतं. दिसत नाही म्हणून तर पट्टा लागतो. औषध गाईच्या अंगात जातं, अंगातून रक्तात, रक्तातून दुधात, हे मला सासूबाईंनी याच जागी उभं राहून शिकवलं होतं. मी बादली उपडी करत होते आणि मनात हिशोब चालला होता. गाईचं दूध ओतता येतं. माझ्या नाळेतून जे चाललंय ते मी कुठं ओतू? माझं लेकरू तर दिवसभर, रात्रभर पट्ट्याचंच पीत होतं.

एप्रनच्या खिशात सकाळची गोळी होती. न्याहारीनंतर घेऊ म्हणून ठेवलेली. मी ती पाकिटातून दाबून काढली आणि गटारात टाकली. दुधाबरोबर गेली सुद्धा. एकदम इतकं हलकं वाटलं की मी तिथंच पालथ्या बादलीवर बसले आणि थोडी रडले.

त्यानंतर रोज दोनदा हेच. नवरा विचारायचा, "गोळी घेतलीस?" मी म्हणायची, "घेतली." पाकिटातून घेतली होतीच. नरो वा कुंजरो वा, त्यातला प्रकार. मनाची समजूतही मी गोठ्यातलीच घातली होती. गाईचा पट्टा थोड्या दिवसांनी सुटतो, तसं आधी घेतलेलंही अंगातून निघून जाईल आणि पोर सुटेल. जळजळ तर गेलीच होती. रोग गेला, औषध गेलं, सगळं निर्मळ. कुणाला सांगायची गरज वाटली नाही, आणि सांगितलं असतं तर कुणाला? नवऱ्यानं डॉक्टरांकडे ओढत नेलं असतं. दिरानं विनोद केला असता. आणि सासूबाई मनातल्या मनात म्हणाल्या असत्या, शहाणी झाली एकदाची. हे शेवटचं मला कुणी सांगितलं नव्हतं, ते मीच धरून चालले होते.

जळजळ परत आली तेव्हा मी म्हटलं, पाणी कमी पडतंय. पाठीत उजव्या बाजूला दुखायला लागलं तेव्हा म्हटलं, बादली वाकडी उचलली असेल. माणसाला ऐकायचं नसलं की कारणांना काही तोटा नसतो. दुपारी अंगावर काटा यायचा आणि मी एप्रनवर स्वेटर चढवायची. तशाच एका दुपारी सासूबाईंनी हाक मारली, "अगं, ठमीला आटवायचंय. ट्यूबा घेऊन ये."

ठमी आमची सगळ्यात जुनी गाय. व्यायच्या दोन महिने आधी गाईची धार बंद करतात, म्हणजे ती विसावते आणि कास पुढच्या दुधासाठी तयार होते. त्यालाच आटवणं म्हणतात. शेवटची धार निघाली की चारी सडांत एकेक औषधाची ट्यूब सोडायची, कास धुऊन सोडून द्यायची. हे काम सासूबाई दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. मी फक्त डबा धरायचा आणि एकेक ट्यूब हातात द्यायची.

मी डबा धरून उभी होते. दात वाजू नयेत म्हणून जबडा आवळला होता. सासूबाई ठमीच्या कासेशी वाकून सड पुसत होत्या, "हळू, माझी बाय, झालं हं," असं चाललं होतं. नजर कुठंतरी ठेवायची म्हणून मी डब्याकडे बघत होते. हा डबा मी किती वेळा धरला असेल, देव जाणे. त्यावर ठळक अक्षरात काय लिहिलंय ते मात्र त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात शिरलं.

"आई, हे अँटिबायोटिक आहे?"

"मग काय सरबत आहे? दे इकडे दुसरी."

मी दुसरी दिली. "पण ठमी गाभण आहे ना?"

"सात महिन्यांची. का?"

"मग हिला पट्टा का नाही बांधला?"

"पट्टा कशाला? पट्टा दुधासाठी असतो. लोकांच्या पोटात जाऊ नये म्हणून. हिचं दूध आता काढतंय कोण?" त्यांनी हात पुढे केला. "पट्टा गाईला वाचवायला नसतो गं. गाईला वाचवायला हे असतं. दे तिसरी."

मी तिसरी दिली. "आणि आतल्या वासराला?"

"वासराला काय धाड भरलीय? इतकी वर्षं देतेय. न देऊन बघ एकदा. कास सुजते, ताप चढतो, दोन दिवसांत गाय आडवी होते. मग गाय जाते आणि तिच्याबरोबर आतलं..."

त्या बोलायच्या थांबल्या. वाकलेल्या होत्या तशाच राहिल्या, ट्यूब हातात. मग हळूहळू सरळ झाल्या आणि माझ्याकडे वळल्या. मला वाटतं, त्यांनी माझा स्वेटर तेव्हाच बघितला. गोठ्यात दीर बनियनवर फिरत होता.

"मी गोळ्या घेत नाहीये," मी म्हटलं. "गटारात टाकल्या."

हातमोजा तसाच ठेवून दुसऱ्या हातानं त्यांनी माझा कान धरला. मारायला नाही. गाईचा ताप त्या आधी कानावरूनच बघतात. कान सोडला, गळ्यावर हात ठेवला, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की माझी उरलीसुरली हिंमत गेली. तेवढ्यात पोट आवळून दगडासारखं झालं आणि मी डब्यासकट खाली बसले.

"गाडी काढ," त्या ओरडल्या. त्या बाईला ओरडताना मी त्या दिवसापर्यंत ऐकलं नव्हतं. दीर विनोद न करता धावला, तेही पहिल्यांदाच.

खाद्याची पोती आणतो त्या गाडीतून आम्ही गेलो. नवरा चालवत होता, मी मध्ये, सासूबाई दाराशी. घरात कुणी बूट घालून आलं तर त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवणारी ही बाई शेणानं भरलेल्या गमबुटांसकट गाडीत चढली होती. एका हातात अजून मोजा होता. पोट आवळायचं, सुटायचं, परत आवळायचं, आणि आवळणं सुटल्यावर आत काहीच हलत नव्हतं. मी पोटावर थापट्या मारत होते, हल ना, हल ना एकदा. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, तर मी आपल्या पायांनी चालत जाऊन विहिरीत उडी मारली होती, आणि एकटीनं नाही. सासूबाईंनी माझा हात धरून ठेवला होता. मोज्याच्या हातानं.

डॉक्टर बाईंनी काही न विचारता पोटावर यंत्र टेकवलं आणि इकडून तिकडे फिरवायला लागल्या. खरखर, खरखर. त्या फिरवत होत्या, त्यांच्या कपाळावर एक आठी होती, आणि मी त्या आठीकडे बघत होते. मग खरखरीतून ठोके वर आले. भराभर, घाईघाईनं. नवरा भिंतीला टेकला आणि तिथंच खाली बसला. मी श्वास सोडला.

"आहे," डॉक्टर बाई म्हणाल्या. "पण ठोके फार जोरात पडताहेत, तुझ्या तापामुळे. गोळ्या कधी सोडल्यास?"

त्यांना कसं कळलं ते मी विचारलं नाही. मी सगळं सांगितलं, पट्टा, गटार, हिशोब, सगळं. सलाईन लावता लावता त्या ऐकत होत्या.

"म्हणजे जंतू अर्धे मारलेस आणि उरलेले पोसलेस," त्या म्हणाल्या. "ते आता मूत्रपिंडापर्यंत चढलेत. पोट आवळतंय ते त्यामुळे. ज्याला भ्यायला हवं होतं ते अंगात वाढवत बसलीस आणि ज्यानं ते मेलं असतं त्याला भ्यालीस." मग सासूबाईंकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्हीही ऐका. गाईचं गणित बाईला लावायचं नाही. या बाजूनं नाही आणि त्या बाजूनंही नाही. गाईला चाललं म्हणून हिला चालतं असंही नसतं. कुठलं चालतं ते मी सांगीन."

सासूबाईंनी मान हलवली. त्यांना असं बोलायची कुणाची छाती होत नाही.

शिरेतून औषध सुरू झालं. बाटलीतून थेंब थेंब पडताना दिसत होतं, आणि ते कुठं चाललंय ते मला माहीत होतं. नाळेतून आत. मी त्या थेंबांकडे बघत पडून राहिले. भीती गेली होती असं नाही. पण आता ओतून द्यायला गटार नव्हतं. तेव्हा डॉक्टर बाई परत नाडी बघायला आल्या आणि तो घरी नेलेला प्रश्न शेवटी माझ्या तोंडून बाहेर पडला.

"गेल्या वर्षी माझं एक गेलं. गोळ्या घेतल्या होत्या. त्या गोळ्यांनी गेलं का?"

त्या स्टूल ओढून बसल्या. कुठल्या गोळ्या, कशासाठी, कितवा महिना, सगळं विचारून घेतलं. "मला तसं वाटत नाही," त्या म्हणाल्या. "तू सांगतेस त्या गोळीनं तसं होत नाही. पहिल्या तीन महिन्यांत कितीतरी जातात, मुळात गर्भच धड धरलेला नसतो. बहुतेक वेळा कुणी काही केलेलं नसतं. तू तर नाहीच."

त्या गेल्यावर खोलीत सासूबाई आणि मी. नवरा चहा आणायला गेला होता. सलाईनची नळी वाकडी झाली नसतानाही सासूबाईंनी ती सरळ केली.

"गोळीनं गेलं असं मी म्हटलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"मला काय कळतंय त्यातलं? तू आलीस ती तशी, रिकामी. माझ्याच्यानं बघवेना. कशाला तरी दोष द्यायला हवा होता. तुला देता येईना म्हणून गोळीला दिला." त्यांनी हातातला मोजा आत्ता काढला आणि घडी करत बसल्या. "तू ते असं धरून बसशील हे माझ्या मनात आलं नाही."

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. वर्षभर मी ते दोन शब्द उशाला घेऊन झोपत होते आणि या बाईंना वाटलं मी विसरले. तोंडाला आलं ते मी बोलले. "आणि त्या दिवशी? भावजी पट्ट्याचं बोलले तेव्हा तुम्ही टेबलाखाली माझ्या पायाकडे कशाला बघितलंत?"

त्यांना आधी आठवेना. मग आठवलं. "सुजलेत का बघत होते," त्या म्हणाल्या. "दिवसभर उभी असतेस. तुला काय वाटलं?"

मी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. त्यांनी चादर ओढून माझे पाय झाकले.

पोटाचं आवळणं थांबलं, ताप उतरला, मी घरी आले. घरी घ्यायला दिलेल्या नव्या गोळ्या सासूबाईंनी आपल्या ताब्यात घेतल्या. सकाळ-संध्याकाळ पाण्याचा पेला घेऊन समोर उभ्या. "गिळ. आता तोंड उघड. जीभ वर कर." गाईला गोळी दिल्यावर त्या तिचा गळा चोळतात, माझा चोळला नाही एवढंच. सगळ्या गोळ्या संपल्यावर लघवी तपासली, तीही त्यांनीच नेली. डॉक्टर बाई "आता स्वच्छ आहे," म्हणाल्या तरी "परत एकदा बघा ना," म्हणून अडून बसल्या. मला गोठ्यात पाऊल टाकू दिलं नाही. मधल्या काळात ठमी व्याली. वासरू उठून धडपडत तिच्या कासेला लागलं, दिरानं फोनवर काढून मला दाखवलं. मी ते किती वेळा बघितलं ते विचारू नका.

दिवस भरले आणि मुलगी झाली. रडली ती अशी की बाहेर बसलेल्या माझ्या नवऱ्याला आवाज ओळखू आला, म्हणाला, ही आपल्याच घरातली. मला टाके पडले होते. दुसऱ्या दिवशी त्यातला एक सुजला, अंगात कणकण आली, आणि डॉक्टर बाईंनी इंजेक्शन सुरू केलं. अँटिबायोटिक.

पोर माझ्या शेजारी मुठी चोखत होती आणि छाती भरून ठणकत होती. औषध आत्ताच शिरेतून गेलं होतं. अंगात, अंगातून रक्तात, रक्तातून कुठं ते आमच्या घरात लहान पोराला विचारा. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे, आणि मग आम्ही दोघांनी सासूबाईंकडे. त्या धार आटपून तशाच आल्या होत्या. एप्रनच्या खिशातून लाल पट्ट्याचं टोक बाहेर डोकावत होतं. दीर दारात उभा होता. त्याचं तोंड उघडलं, विनोद येताना मला दिसला. सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि त्यानं तो गिळला.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "हिच्या अंगात औषध चालू आहे. दूध ओतायचं का?"

"नाही. हे चालतं, पाजू दे. बाळाला जुलाब झाले, अंगावर काही उठलं, तर मला लगेच सांगा."

"नक्की?"

"नक्की."

सासूबाई उभ्या राहिल्या. त्यांचे हात रिकामे होते आणि काय करावं ते त्या हातांना कळत नव्हतं. या बाईनं जन्मभर असलं दूध ओतलं होतं. ओतलं नाही म्हणून पोटच्या पोराला वर्षानुवर्षं ऐकवलं होतं. मला वाटलं त्या बाहेर जातील, आणि गेल्या असत्या तर मला राग आला नसता. त्यांनी पट्ट्याचं टोक खिशात आत कोंबलं, हात धुतले, कोरडे केले आणि पोरीला उचललं.

"मान अशी धर," त्या म्हणाल्या. "घाबरू नकोस. हळू, माझी बाय, हळू." तो आवाज मी गोठ्याबाहेर कधी ऐकला नव्हता. पोरीनं तोंड इकडे तिकडे घुसळलं आणि लागली एकदाची, अशी घट्ट की मी ओठ चावला. सासूबाई वाकून बघत राहिल्या. पोरीच्या हनुवटीवरून एक थेंब ओघळला, तो त्यांनी बोटानं टिपला आणि परत तिच्या ओठांत घातला.

"चीक आहे," त्या म्हणाल्या. "थेंबभरही वाया घालवू नकोस."